ग्राइंडर सगळ्यात शेवटी

माझ्या कस्टम बाईकची सुरुवात चार इंची ग्राइंडरपासून झाली. नाना पेठेत ब्रेक शू घ्यायला गेलो होतो, येताना ग्राइंडर घेऊन आलो. पुढच्याच रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या जुन्या पल्सरच्या सीटखालचा मागचा सांगाडा कापून टाकला. सीट सपाट हवी होती आणि मागचं ते वर उडालेलं शेपूट डोळ्यांत खुपत होतं. वीस मिनिटांत शेपूट गेलं. मग बॅटरी कुठं ठेवायची, हे शोधण्यात पाच महिने गेले.

शेवटी भोसरीतल्या एका वेल्डरकाकांकडे टेम्पोत घालून गाडी नेली. त्यांनी कापलेल्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मागचा मडगार्ड कशाला धरणार होता दादा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुन्या बाजारातून तसाच मागचा सांगाडा मिळवला, काकांनी तो पुन्हा जोडून दिला आणि गाडी फिरून पहिल्या जागी आली. दुसरी गाडी केली तेव्हा ग्राइंडर शेवटच्या महिन्यात बाहेर काढला, तोही साइड स्टँडचा एक पत्रा घासायला. मधल्या काळात जे कळलं ते इथं लिहितो आहे. गॅरेज टाकायचं नाही, पण एक गाडी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मनासारखी करायची आहे, अशा माणसासाठी.

कस्टम म्हणजे कंपनीची गाडी घेऊन तिचा आकार, बसायची ठेवण आणि चालण्याची रीत आपल्याला हवी तशी करणं. स्टिकर आणि निऑन दिवे यात धरत नाहीत. प्रकारांची नावं कानावर असतील. कॅफे रेसर म्हणजे खाली वाकलेलं हँडल, मागे सरकवलेले फूटरेस्ट आणि एकट्याची सीट. ही लंडनच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर जमणाऱ्या पोरांची १९५०-६० च्या दशकांतली चाल. बॉबर म्हणजे मडगार्ड छाटलेली, बुटकी, कमीत कमी सामानाची अमेरिकन गाडी. स्क्रॅम्बलर उंच, रुंद हँडलची, कच्च्या रस्त्यांसाठी. चॉपर म्हणजे पुढे लांबलचक फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, आणि तिला लक्ष्मी रोडवर यू-टर्न मारताना बघायला मला खरंच आवडेल. यातलं काय करायचं हे फोटो बघून ठरवू नका, रोज कुठं आणि किती चालवणार यावरून ठरवा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास क्लच दाबून बसायचं असेल, तर कॅफे रेसरचं हँडल दोन आठवड्यांत मनगटांतून उतरतं.

आधी आरसी बुक

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पहिला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा साधा अर्थ असा: आरसीवर जे लिहिलं आहे आणि कंपनीनं जसं मंजूर करून घेतलं आहे, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडक अर्थानंच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द नीट वाचा.

हे इतकं कडक का? कंपनी बाजारात आणते त्या प्रत्येक मॉडेलचा नमुना आधी सरकारमान्य संस्थेत तपासला जातो. त्यातली एक, एआरएआय, आपल्या कोथरूडला वेताळ टेकडीवर आहे. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, सगळं मोजून मगच मॉडेलला मंजुरी मिळते. तुम्ही गाडी कापली की ती त्या तपासलेल्या नमुन्यासारखी राहत नाही. तुमच्या एकट्याच्या गाडीसाठी तो सगळा सोहळा पुन्हा कोणी करत बसत नाही.

मग करायचं काय? इंजिन नंबर आणि चेसी नंबर या दोन जागांना हात लावायचा नाही. घासायच्या तर नाहीतच, पण त्यांच्यावर जाड रंगसुद्धा बसू द्यायचा नाही. रंग आरसीवर नोंदलेला असतो, तो बदलायचा तर आरटीओत आधी विचारायचं आणि नंतर नोंद करून घ्यायची. आसनक्षमता दोन लिहिलेली असते, म्हणजे एकट्याची सीट हासुद्धा बदलच. दोन्ही आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट जागच्या जागी. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारा साडी गार्ड आपल्याला हास्यास्पद वाटतो, पण केंद्रीय नियमांत तो आहे. सायलेन्सरबद्दल वेगळं सांगायला नको, फटफट आवाजाचे जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी निघाला तर वाद होतो, तो वेगळाच.

माझा स्वतःचा तोडगा असा: जे करायचं ते नटबोल्टवर निघेल असंच करायचं आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग पोत्यात भरून माळ्यावर टाकायचा. काटेकोरपणे पाहिलं तर यातल्याही काही गोष्टींना हरकत घेता येते, त्यामुळे मोठ्या बदलाआधी आरटीओत जाऊन तोंडी तरी विचारून या. पण पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवायला गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा ते पोतं उपयोगी पडतं. आईचं माळ्याबद्दलचं म्हणणं मी इथं देत नाही.

कुठली गाडी घ्यायची

कागद सरळ असलेली. जुनी गाडी बघायला गेलात की इंजिनाचा आवाज नंतर ऐका, आधी आरसीवरचे दोन्ही नंबर टॉर्च लावून गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. बँकेचा बोजा उतरलाय का, मालक तोच आहे का, जुने दंड बाकी आहेत का, हे बघा. 'कागद नंतर करून देतो' म्हणणाऱ्याची गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. तिच्यावर घातलेला प्रत्येक रुपया दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत जातो.

त्यानंतर साधेपणा. एक सिलिंडर, हवेनं थंड होणारं इंजिन, कार्ब्युरेटर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या गाड्या बहुतेक सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्या चांगल्या आहेत, पण त्यांचं पेट्रोलचं गणित सेन्सर आणि छोटा संगणक करतो, आणि पहिल्याच प्रोजेक्टला त्याच्याशी भांडण नको. २००१ पासून निघालेल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या पल्सर पुण्यात गल्लोगल्ली आहेत. पार्ट नाना पेठेत मिळतात आणि चौकातल्या कुठल्याही फिटरला ती डोळे मिटून खोलता येते. जुनी युनिकॉर्न किंवा स्प्लेंडरही चालेल.

एक विनंती. आरएक्स १०० किंवा मैसूरची मूळ जावा-येझदी चांगल्या स्थितीत हाती लागली, तर तिला कापू नका. आरएक्स १०० ही १९९६ मध्ये बंद झाली, त्याच सुमाराला मैसूरचा कारखानाही. आता त्यातल्या जेवढ्या शाबूत आहेत, तेवढ्याच आहेत. शिकायला पल्सर आहे.

ट्रॉलीचं चाक आणि गाडीचं हँडल

आता खरा विषय. कस्टम गाडी दिसायला सुंदर आणि चालवायला भयानक का होते, याचं कारण नव्वद टक्के वेळा पुढच्या चाकाच्या भूमितीत असतं. हा माझ्या अनुभवाचा आकडा आहे, कुठल्या पाहणीचा नाही.

डी-मार्टची ट्रॉली आठवा. ढकलली की पुढची छोटी चाकं आपोआप वळून सरळ होतात. कारण चाक ज्या खिळ्याभोवती फिरतं, त्याच्या थोडं मागे ते जमिनीला टेकतं. खिळा पुढे, चाक मागून ओढलं जातंय, त्यामुळे ते रांगेत येतं. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचं असंच आहे, फक्त तिथला खिळा तिरका आहे. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं, त्याची रेष मनानं जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथं टेकेल, त्याच्या काही सेंटीमीटर मागे टायर जमिनीला टेकलेलं असतं. या दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. आणि तो दांडा उभ्या रेषेपासून जितका कललेला, तो कोन म्हणजे रेक.

ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ रस्त्यावर ठाम राहते, पण गल्लीत वळताना हँडल जड लागतं. कमी असेल तर हँडल हलकं, चपळ. फारच कमी झालं तर वेगात खड्डा लागला की हँडल हातात थरथरायला लागतं. रोजच्या वापरातल्या गाड्यांचा रेक साधारण २४ ते २८ अंश आणि ट्रेल ९० ते ११० मिलिमीटरच्या आसपास असतो.

यात तुम्ही नकळत ढवळाढवळ करता ती अशी. मागे उंच शॉकअप टाकले, कारण तो भाग वर दिसला की गाडी तगडी वाटते. समजा गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १,३२० मिमी आहे आणि मागचा एक्सल २५ मिमी उतरल्यासारखा झाला, म्हणजे चेसी मागून तेवढी उचलली गेली. सगळी गाडी पुढे साधारण एक अंश झुकते. २६ अंशांचा रेक २५ होतो. टायरची त्रिज्या ३०० मिमी आणि फोर्क दांड्यापासून ४० मिमी पुढे धरून गणित केलं, तर ट्रेल १०२ वरून ९६ वर येतो. सहा मिलिमीटर. हे चालून जातं. पण त्यातच कोणी सांगितलं म्हणून पुढचे फोर्क 'टी'मधून, म्हणजे त्यांना वर पकडणाऱ्या पट्टीतून, वर सरकवून पुढचा भाग ३० मिमी खाली घेतला, की आणखी सव्वा अंश आणि आणखी सातेक मिमी गेले. आता ट्रेल ९० च्या खाली आहे. फोटोत गाडी झकास दिसते. कात्रजच्या उतारावर मात्र ती तुमची राहत नाही.

मोजायला यंत्र लागत नाही. सपाट फरशीवर गाडी सरळ उभी करा, कोणाला तरी वर बसवा. एक्सलच्या मध्यातून गवंड्याचा ओळंबा सोडा. तो टेकेल तिथं खडूची खूण. मग हँडलच्या दांड्याच्या रेषेत जमिनीपर्यंत दोरा ताणा; दुसरी खूण. मधलं अंतर पट्टीनं मोजा आणि वहीत लिहा. गाडी खोलायच्या आधी हे करायचं. नंतर प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजायचं. मूळ आकड्यापासून दहा-पंधरा मिमीच्या बाहेर जाताय असं दिसलं की थांबून विचार करायचा.

हँडल बदलताना आणखी दोन गोष्टी. क्लिप-ऑन म्हणजे फोर्कच्या नळीवर चिमटा मारून बसवायची हँडलं. ती लावल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा, अंगठा टाकीत चिरडतो का. मग इंजिन चालू ठेवून पुन्हा वळवा. वळवताना आवाज चढत असेल तर एक्सलरेटरची केबल ताणली जातेय. भर चौकात वळताना गाडी स्वतःहून पळायला लागण्याची ही सगळ्यात सोपी रीत आहे.

स्प्रिंगशिवायचा शॉकअप

माझं पाच महिन्यांचं प्रकरण टाळायचा उपाय सोपा निघाला. नवी सीट, मडगार्ड, बॅटरीचा डबा हे सगळं आधी पुठ्ठ्यात करायचं. फ्रिजचा खोका आणि पॅकिंगची टेप पुरते. पुठ्ठ्याची बॅटरी खऱ्या मापाची करायची. टूलकिट, फ्यूजबॉक्स, रेग्युलेटर, सगळ्यांना पुठ्ठ्याची का होईना, जागा द्यायची.

मग मागचे शॉकअप काढून त्यांच्या स्प्रिंग काढून घ्यायच्या. स्प्रिंग दाबलेली असते. ती काढायचा साचा फिटरकडे असतो, घरी पेचकसानं खेळू नका. स्प्रिंग नसलेले शॉकअप परत लावा आणि मागचं चाक हातानं वर ढकला, पार टेकेपर्यंत. आपल्या सोसायट्यांसमोरच्या स्पीडब्रेकरवर डबलसीट गाडी आपटते, तेव्हा चाक इथपर्यंत येतं. माझ्या सपाट सीटची खालची पाटी या जागेपासून चार बोटं खाली होती. म्हणजे मी जे बनवत होतो, ते पहिल्याच स्पीडब्रेकरवर टायरला घासलं असतं. असंच चाक ढकलत असताना चेनही बघा. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. ढील तिथं तपासायचा असतो.

आणि सांगाडा कापायचाच म्हटला तर? शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या पुढे कधीच नाही. तिथून सगळं वजन चेसीत उतरतं. त्याच्या मागचा भाग दिवा, मडगार्ड आणि मागच्या माणसाला धरतो. अनेक जण तो कापून तिथं गोल वळवलेली नळी जोडतात. तांत्रिकदृष्ट्या होण्यासारखं आहे, कायद्यानं बदलच आहे, आणि पहिल्या गाडीवर करायचं काम नाही. वेल्डिंग स्वतः शिकायची हौस असेल तर टाकाऊ नळ्यांवर शिका, मग त्या हातोड्यानं तोडून बघा. टाका वरून गुळगुळीत आणि आतून नुसता चिकटलेला असू शकतो. पेट्रोलची टाकी मात्र रिकामी दिसली तरी तिला झाळ लावायची नाही. आतली वाफ पेट्रोलपेक्षा धोकादायक असते. ते काम करणारे वेगळे लोक आहेत, त्यांनाच द्या.

वायरिंग

मुलं इंजिनाला घाबरत नाहीत, वायरिंगला घाबरतात. पाण्याच्या पाइपसारखं समजा. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे धार, वायरची जाडी म्हणजे पाइपची जाडी. गाडीचा दाब ठरलेला, १२ व्होल्ट. ३५ वॅटच्या हेडलाइटला ३५ भागिले १२, म्हणजे तीन अँपिअर लागतात. तिथं ५५ वॅटचा बल्ब घातला की साडेचारच्या वर. वायर आणि बटण तेच राहिलं तर बटण वितळतं. म्हणून मध्ये रिले घालतात: बटणातून जाणारी बारीक धार रिलेला इशारा देते आणि जाड वायरीतून बॅटरीची वीज थेट दिव्याला जाते. एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते घाईघाईनं लुकलुकतात, त्याचंही कारण धारेत आहे. फ्लॅशरला बल्बची सवय असते. धार कमी दिसली की तो समजतो एक बल्ब उडालाय. एलईडीचा फ्लॅशर मिळतो, तो घाला.

मूळ वायरिंग तोडू नका. प्रत्येक जोडावर कागदी टेप लावून नाव लिहा, खोलायच्या आधी फोटो काढा, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. दोन महिन्यांनी तुमची स्मरणशक्ती तुम्हाला ओळख दाखवणार नाही.

हवेचे कोन फिल्टर, ते उघडे चमकदार, पहिल्या प्रोजेक्टला लावू नका. मूळ एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा बंद डबा, काढला की इंजिनात हवा जास्त जाते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. मग कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदला, पुन्हा चालवा, प्लग काढून रंग बघा: पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त, बिस्किटासारखा म्हणजे ठीक. हे आठवडे खातं. आणि जुलैत सिंहगड रोडला गुडघाभर पाणी साचलं की तो फिल्टर थेट पाणी पितो.

रंग सगळ्यात शेवटी, ग्राइंडरच्याही नंतर. आधी कच्ची, रंग नसलेली गाडी पूर्ण बांधा, चालवा, चुका काढा, मग खोला आणि चेसी पावडर कोटिंगला द्या. पावडर भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली जाते, त्यामुळे रबर, बुश, बेअरिंग आधी काढलेली असायला हवीत. आट्यांमध्ये, बेअरिंगच्या जागांत आणि चेसी नंबरवर टेप लावून द्या, नाहीतर आटे बुजतात. आणि अर्थिंगचा बोल्ट, बॅटरीची वायर चेसीला जोडणारा! पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. मी हे विसरलो होतो. सगळी गाडी बांधून झाल्यावर स्टार्टरचं बटण दाबलं तर काहीच नाही. दोन दिवस बॅटरी, फ्यूज, रिले तपासत बसलो आणि शेवटी एका बोल्टखालचा रुपयाएवढा रंग खरवडला तेव्हा गाडी चालू झाली.

पहिली फेरी सोसायटीच्या गल्लीत, दुसऱ्या गिअरच्या वर नाही, आणि ब्रेक आधी तपासून. मग रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर दहा किलोमीटर. घरी येऊन प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट टॉर्क पान्यानं (किती जोरानं कसलं ते मोजणाऱ्या पान्यानं) ठरलेल्या मापाला कसायचा आणि त्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढायची, बोल्टवरून चेसीवर जाणारी. दुसऱ्या दिवशी ती रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. माझ्या दुसऱ्या गाडीचे पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये चार बोल्ट फिरले होते, त्यातला एक मागच्या ब्रेकच्या दांडीचा.